मदत हवी आहे: फळं घातलेलं ग्रिल्ड चीज सँडविच, ब्रेड ओला न होता कसं करायचं?

भिशीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. शनिवारी सासूबाईंची भिशी आमच्याकडे आहे आणि त्यांनी फर्मान काढलंय की या वेळी ढोकळा, इडली, साबुदाणा वडा काही नको, ते तुझं फळांचं सँडविच होऊन जाऊ दे. माझं कसलं, कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत खाल्लं होतं, आत पेअरच्या पातळ चकत्या, थोडासा मध, भरपूर मिरी आणि वितळलेलं चीज, आणि बाहेरून ब्रेड इतका खरपूस की चावल्यावर आवाज यावा. घरी येऊन जरा जास्तच कौतुक केलं, ते आता अंगाशी आलंय.

घरी स्ट्रॉबेरी घालून बघितली तर ब्रेड आतून पार गिळगिळीत, रस टोस्टरच्या कडेने बर्नरवर, आणि चव म्हणाल तर शाळेच्या डब्यातल्या जॅम सँडविचची. सफरचंद घातलं तर ते टणकच राहिलं आणि चीज वितळेपर्यंत ब्रेड काळा झाला. माझ्याकडे गॅसवरचा हँड टोस्टर, बिडाचा तवा आणि ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे. चीज म्हणजे अमूलचे स्लाइस आणि क्यूब, पण लागलं तर दुसरं आणेन. बारा जणी आहेत, काही जणी अंडं खात नाहीत म्हणजे साधं मेयोनीज बाद, एकीला डायबिटीस आहे, आणि दोघींना कवळी आहे त्यामुळे फार कडक करून पण चालणार नाही 🙈 फळ कुठलं, चीज कुठलं आणि आधी करून ठेवता येतं का तेवढं सांगा प्लीज.

पोटोबा_सदाशिव
ताई, फळ ब्रेडला टेकूच द्यायचं नाही, बाकी सगळं त्याच्यानंतर. ब्रेड, चीज, फळ, परत चीज, ब्रेड असा क्रम ठेवा म्हणजे दोन्हीकडून चीज वितळून फळाला धरून ठेवतं आणि रस ब्रेडपर्यंत पोचत नाही. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं हो, ती गरम झाली की रस सोडणारच. आणि हँड टोस्टर तर या कामाला अजिबात नको, तो दाबतो. बटाट्याच्या भाजीला दाबणं बरं, फळाचं त्यात सरबत होतं.

बिडाचा तवा घ्या. मंद आच, अगदी मंद. ब्रेडला बाहेरून बटर लावायचं, तव्यावर नाही ओतायचं. पहिली दोन-तीन मिनिटं वर झाकण, त्याने आतलं चीज सुटायला लागतं, मग झाकण काढून टाकायचं, नाहीतर तीच वाफ ब्रेड मऊ करते, उलटायचं आणि दुसरी बाजू झाकणाशिवाय. तुमचा ब्रेड काळा झाला कारण आच मोठी होती आणि चीज फ्रिजमधून थेट आलेलं असणार, ते अर्धा तास आधी बाहेर काढून किसून घाला. किसलेलं स्लाइसपेक्षा लवकर आणि सारखं वितळतं. सफरचंद दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको, किसणीच्या चिप्स पाडायच्या पात्यावर काढा, आणि बटरवर मिनिटभर मिरपूड घालून परतून मगच आत घाला.

खडूस_पेठकर
सँडविचात फळं हे आमच्या पिढीला जरा जडच जातं, पण असो. एवढं लांबचं पेअर कशाला शोधताय, पेरू घ्या की. आपण जन्मभर पेरूला तिखटमीठ लावून खातोय, त्यात चीज आलं एवढाच फरक. पिकायला लागलेला पण अजून कडक असा पेरू, बिया काढून टाकायच्या (कवळीवाल्यांनी ऐकावे), पातळ काप, वरून लाल तिखट आणि चिमूटभर भाजलेलं जिरं. मीठ घालू नका, चीज आणि बटर दोन्ही खारटच असतात. गोव्यात पेरूची वडी करतात, पेराद म्हणतात तिला, ती पोर्तुगीजांच्या वळणाची आहे, आणि तिकडे ब्राझीलमध्ये तसल्याच पेरूच्या वडीवर चीजचा तुकडा ठेवून खातात. त्यामुळे पेरू आणि चीज हे काही मी आत्ता काढलेलं खूळ नाही.

सासवडची_सून
अहो आमच्या अंजिरांना विसरलात की सगळे! पुरंदरच्या अंजिराला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, दिवे घाटातून आलात तर रस्त्याच्या कडेला पाट्या दिसतात, नाहीतर मंडईत मिळतील. अंजीर आणि चीज आणि वर मध, यासारखं काही नाही. फक्त फार पिकलेलं घेऊ नका, हात लावल्यावर किंचित दबेल एवढंच, आणि चार काप करून गर वरच्या बाजूला ठेवायचा. साल काढू नका, ती पातळ असते आणि तिच्यामुळे तुकडा धरून राहतो. बरोबर हिरव्या मिरचीचे अगदी बारीक काप टाका, नुसतं अंजीर-मध गुळमट लागतं. ताजं मिळालं नाही तर सुकं अंजीर कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळून चिरा, त्याला रस सुटायची भीतीच नाही.

भिशीवाली_कोथरूड
बापरे किती छान माहिती, सगळ्यांना धन्यवाद! पेरू तर डोक्यातच आला नव्हता. सासूबाई म्हणतायत अननस घाल, तो रंगाला छान दिसतो. चालेल का? आणि चीजचं काय, पिझ्झाचं मोझरेला आणू का?

लॅबमधला_आचारी
न शिजवलेला अननस असेल तर सांभाळून. त्यात ब्रोमेलिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं, त्यामुळे दुधाच्या पदार्थाबरोबर थोडा वेळ राहिला की कडवटपणा येतो. किवी आणि कच्च्या पपईतही असली एन्झाइम असतात. उष्णतेने ती निकामी होतात, म्हणून अननसाचे तुकडे आधी तव्यावर चांगले परता, पाणी आटून कडा लालसर होईपर्यंत, मग चीजला भेटवा. डब्यातला अननस आधीच गरम प्रक्रियेतून गेलेला असतो, तो चालतो, पण पाक निथळून कापडावर टिपून घ्या.

चीज: नुसतं मोझरेला नको, तार येते पण चव फिकी, गोड फळापुढे ते दिसतच नाही. नुसतं जुनं चेडर गरम झालं की तेल सोडतं. अमूलचं प्रोसेस्ड चीज मात्र सोडत नाही कारण त्यात इमल्सिफाइंग सॉल्ट असतात, ती चरबी आणि पाणी वेगळं होऊ देत नाहीत. लोक त्याला नावं ठेवतात पण या कामाला ते उत्तम. अर्धं अमूल, अर्धं चेडर किसून एकत्र करा, एका सँडविचला 40-50 ग्रॅम, म्हणजे बारा जणींना साधारण अर्धा किलो. मोजून आणा, ऐन वेळी चीज कमी पडलं की फळ ब्रेडला टेकतं.

भिशीवाली_कोथरूड
मग पेरू आणि अंजीर असे दोन प्रकार करते, अननस सासूबाईंना समजावून बाद. पण बारा सँडविच तव्यावर एकेक करत बसले तर शेवटचीला मिळेपर्यंत पहिली घरी जाईल. आणि डायबिटीसवाल्या काकूंचं?

पोटोबा_सदाशिव
ओटीजी आहे ना. सकाळी फळं चिरून, चीज किसून वेगवेगळ्या डब्यात ठेवा, पण सँडविच भरायचं ते पाहुण्या आल्यावरच, भरून ठेवलं की ओलावा शिरतोच. ओटीजी 200 डिग्रीला आधी तापवा, बाहेरून बटर लावलेली सँडविच ट्रेवर ठेवा, आठ-दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. तव्याइतकी खरपूस नाही होणार पण कवळीवाल्यांना तेच बरं. बाकीच्यांची हवी तर शेवटी मिनिटभर तव्यावर टेकवा. ब्रेड आदल्या दिवशीचा घ्या, जरा जाड कापाचा, ताजा लुसलुशीत ब्रेड लगेच दबतो.

काकूंच्या सँडविचात मध नको, पेरूचं द्या, ब्रेडचं मात्र त्यांचं त्यांनाच विचारा. आणि झालेली सँडविच थाळीत एकावर एक रचू नका, खालून घाम येतो. पोळ्या निववायची जाळी असेलच, तिच्यावर ठेवा, दोन मिनिटांनी कापा, लगेच सुरी घातलीत तर सगळं चीज जाळीखाली.

खडूस_पेठकर
आणि बरोबर कॉफी नको, आल्याचा चहा ठेवा. पेरूच्या तिखटावर तोच लागतो.