तूर वाळवायचं आवार: काँक्रीट घोटून गुळगुळीत करावं की खरखरीत ठेवावं?

आवार_दारव्हा:
नमस्कार मंडळी. ओसरीपुढचं 20 बाय 30 फुटांचं आवार यंदा काँक्रीटचं करायचं ठरवलं. तिथंच तूर-सोयाबीन वाळते, ट्रॅक्टर उभा राहतो, कडेला बैलजोडी बांधतो. माय रोज पहाटे सडा टाकून रांगोळी काढते. मिस्त्री म्हणतो, घोटून आरशासारखं करून देतो. पुतण्याला दगडी नक्षीचं छापाचं काँक्रीट पाहिजे. मायचं वय सत्तरीच्या वर, पावसाळ्यात घसरली तर काय, ही मले धास्ती. काय करावं?

शेतघर_वाशीम:
पेव्हर ब्लॉक टाका भाऊ. उद्या खालून पाइप न्यायचा झाला तर उचलता येतात.

आवार_दारव्हा:
दादा, फटीत दाणा जाऊन बसतो. चुलत्याकडे पाहिलं, पहिल्या पावसात तिथंच तूर उगवली.

गवंडी_आर्वी:
भाऊ, सगळ्या आवाराले एकच फिनिश कायले पाहिजे? वाळवणाच्या जागी लाकडी रंध्यावरच (ओला माल सपाट करायची लाकडी फळी) थांबवा. लोखंडी थापी फिरवूच देऊ नका. बारीक रेतीसारखा खरखरीतपणा राहतो, पाय धरतो आणि दाणा झाडूनं सरसर गोळा होतो. झाडू ओढून रेघा फक्त फाटकाच्या उतारावर मारा, त्याही आडव्या. वाळवणात रेघा नकोत, त्यात माती अडकते आणि ती तुरीत येते. बैलाखाली खोल खाचा पाडा, मुतारीकडे उतार द्या, नाहीतर खूर घसरतो.

छापाचं काँक्रीट देखणं दिसतं, पण त्यावरचं सीलर (वरून मारायचा पातळ संरक्षक थर) दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावं लागतं आणि ओलं झालं की तेच घसरतं. नक्षीच्या खाचेतून सोयाबीन वेचत बसाल. हौस असेल तर ओसरी लाल करा. 50 किलोच्या पोत्याला लाल ऑक्साइड 5 किलोच्या वर नको, ताकद जाते. ओसरीवर छत आहे, तिथं घोटाई शोभते.

आता मिस्त्रीकडे एका गोष्टीवर डोळा ठेवा. काँक्रीट ओतल्यावर वर पाणी सुटते. ते पाणी असतानाच कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलं की त्या दिवशी लय चकचकीत दिसते. पुढच्या वर्षी त्याच्याच खपल्या निघतात आणि पांढरी धूळ तुमच्या डाळीत जाते. वरची चमक मरू द्या. अंगठा दाबून पाहा, हलकासा ठसा उमटला पण पाणी वर आलं नाही, की रंधा घ्या.

खाली काळी माती आहे ना? निदान दीड फूट काढून मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून धुमसा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर कोणतंही फिनिश केलं तरी तडकते. 4 इंच जाडी धरली तर माल दोन ब्रास, म्हणजे 200 घनफूट. ट्रॅक्टरच्या चाकाखाली 6 इंच करा. 4 इंचांत 10 फुटांवर सांधे कापा, इंचभर खोल.

उंबरठा_मोर्शी:
दादा, तुमच्या आईसाठी सांगते. आमचंही रंध्याचंच आहे. रांगोळी छान धरते, गुळगुळीत फरशीवर वाऱ्यानं उडायची. फक्त मिस्त्रीला म्हणा, दारासमोरचा तुकडा एकसारखा फिरव, नाहीतर ठिपक्यांची रेघ वाकडी जाते. शेणाचा सडाही बसतो. पाणी मात्र दारापासून लांब जाऊ द्या, आमच्याकडे उंबऱ्यापाशी थोडं साचतं, तिथं शेवाळ येतं.

आवार_दारव्हा:
ताई, दादा, लय उपकार. काम वैशाखात धरलं तर चालेल का? तेव्हा आवार रिकामं असतं.

गवंडी_आर्वी:
वैशाख टाळा. आपल्याकडे 45 अंशांत वरचा थर आधीच वाळतो, आत माल कच्चा राहतो आणि बारीक तडे जातात. तूर निघाली की लगेच धरा. जमलंच नाही तर ऊन उतरल्यावर ओता, रात्री कडक झालं की ओलं बारदान अंथरा. दहा-बारा दिवस ते सतत ओलं ठेवा, सुकू देऊ नका. बोअर आटत असेल, तर टँकरचं पाणी आधी ठरवून ठेवा.