ट्रायल फुकट होती, पण गप्प बसलो म्हणजे 'हो' कसं काय?

विसरभोळा

परवा रात्री कार्डाचं स्टेटमेंट बघत बसलो होतो, एरवी कधी बघत नाही, तर त्यात एका फोटो सुधारायच्या ॲपचे पैसे कापलेले दिसले. महिन्याचे नाहीत, अख्ख्या वर्षाचे. डोकं खाजवल्यावर आठवलं की एकाच फोटोसाठी, पासपोर्टच्या फोटोमागची भिंत पांढरी करायला, ते ॲप घेतलं होतं. सात दिवस फ्री ट्रायल म्हणाले, कार्ड टाका म्हणाले, टाकलं, फोटो झाला, ॲप उडवलं, विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

चूक माझी आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे खाली कोणी तेवढंच सांगायला येऊ नये. माझा प्रश्न वेगळा आहे. सातव्या दिवशी मी काहीच बोललो नाही. न बोलणं म्हणजे होकार हे ठरवलं कोणी? कपड्याच्या दुकानात शर्ट अंगाला लावून बघितला आणि परत हँगरवर ठेवला तर आठवड्याने दुकानदार पैसे मागायला येत नाही. ट्रायल संपली की तिने संपावं, पाहिजे असेल तर मी परत जाऊन पैसे भरीन. सध्या जे चाललंय ते आवळा देऊन कोहळा काढणंच आहे.

रोखठोक

पटलं नाही. शर्टाचं उदाहरणच चुकलंय. हँगरवर परत नाही ठेवलात तुम्ही, घालून घरी आलात आणि येताना सांगून आलात की सात दिवसांत परत नाही आणला तर पैसे लावा. बटणाखाली लिहिलेलं असतं, ट्रायलनंतर अमुक रक्कम, रद्द करेपर्यंत दर वर्षी. वाचून किंवा न वाचता तुम्ही ते मान्य केलंत. आपण काय लहान मुलं आहोत का?

आणि दुसरी बाजू पण बघा. मी कामाच्या सगळ्या फाइली एका क्लाउडवर ठेवतो, सुरुवात ट्रायलनेच झाली होती. तिसाव्या दिवशी ऐन कामात ते बंद पडलं असतं तर मीच इथे येऊन शिव्या घालणारा धागा काढला असता. आपोआप चालू राहणं ही सोय पण आहे, प्रत्येक वेळी लुबाडणूकच असते असं नाही.

विसरभोळा

लिहिलेलं असतं हो, पण कसं लिहिलेलं असतं ते पण सांगा ना. 'फ्री ट्रायल सुरू करा' हे बटण स्क्रीनभर रुंद आणि रंगीत, त्याच्याखाली करड्यावर करडी अक्षरं, त्यात कुठेतरी रक्कम. ज्याला खरंच वाचून घ्यायचंय तो असं छापत नाही.

वाचनवेडी

एक जुनी गंमत सांगते. हे ॲपवाल्यांचं डोकं नाही. अमेरिकेत पोस्टाने पुस्तकं पाठवणारे क्लब नेमकं हेच करायचे. या महिन्याचं पुस्तक अमुक, नको असेल तर फॉर्मवर तसं लिहून मुदतीत परत पाठवा, नाही पाठवलं तर पुस्तक दारात आणि सोबत बिल. लोक इतके वैतागले की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे एफटीसीने, १९७३ साली त्यावर नियम केला की आधी कळवा आणि उत्तर द्यायला निदान १० दिवस तरी द्या. या सगळ्या प्रकाराला 'निगेटिव्ह ऑप्शन' म्हणतात, नाही म्हटलं नाही तर हो. पण तेव्हा नको असलेलं पुस्तक टेबलावर पडलेलं डोळ्यांना दिसायचं तरी, दिसलं की आठवायचं. आता जे येतं ते दिसतच नाही, फक्त जातं ते दिसतं, तेही स्टेटमेंट उघडलं तर.

निशाचर

मी ट्रायल सुरू केल्या मिनिटालाच रद्द करून टाकतो. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहते. काही कंपन्या लगेच बंद करतात, ते आधी तिथेच वाचून घ्यायचं. आणि शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, आयफोनवर निदान २४ तास आधी रद्द करावं लागतं.

रोखठोक

घ्या, एका मिनिटात प्रश्न सुटला. कायदा नको आणि धागा पण नको.

कोडवाला

मी याच धंद्यात आहे त्यामुळे दोन्हीकडून खाणार, तरी लिहितो.

आधी कार्ड का मागतात ते. कार्ड न मागता ट्रायल दिली की एकच माणूस दहा ईमेल काढून वर्षभर फुकट वापरतो, हे आमच्याकडे रोज दिसायचं. वर सांगितलंय तसलं फोटोचं काम फुकटात होत नाही, प्रत्येक फोटोमागे सर्व्हरचं बिल येतं आणि ते छोट्या कंपनीला झेपत नाही. हे कारण खोटं नाही.

पण ते पूर्ण कारण पण नाही. धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं की कार्ड मागितलं की ट्रायल घेणारे कमी होतात, पण घेतलेल्यांपैकी पैसे भरणारे खूप वाढतात. मीटिंगमध्ये याचा अर्थ असा लावतात की 'सिरीयस' लोक आले. त्यातले काही असतातही. बाकीचे झोपलेले असतात, आम्ही त्यांना तसंच म्हणायचो, 'झोपलेले'. शेवटचं लॉगिन चार महिन्यांपूर्वीचं आणि पैसे दर महिन्याला न चुकता. एकदा आमच्यातल्या एकीने सुचवलं की ट्रायल संपायच्या दोन दिवस आधी सगळ्यांना आठवणीचा मेल पाठवूया. त्यावर पहिला प्रश्न आला, "किती जण सोडून जातील?" मेल लिहायला किती वेळ लागेल असं कोणी विचारलं नाही. शेवटी तो फक्त वर्षाच्या प्लॅनवाल्यांना जायला लागला, तेही तक्रारी फार झाल्या म्हणून.

तेव्हा विसरभोळा, तुम्ही विसरलात हे त्यांना माहीत नव्हतं असं समजू नका. तारखेसकट माहीत असतं.

विसरभोळा

हेच! मला शब्दात पकडता येत नव्हतं. मी विसरलो, तो माझा दोष. मी विसरलोय हे समोरच्याला कळलंय आणि तरी तो पैसे घेतोय, याला काय म्हणायचं? आणि दहा ईमेलवाल्यांसाठी सगळ्यांकडून कार्ड घ्यायचं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

रोखठोक

कोडवाला, प्रामाणिकपणे लिहिलंत, मान्य. पण निष्कर्ष चुकतोय. वापरत नाही म्हणजे नको आहे असं कुठे असतं? माझ्या फोटोंचं बॅकअप घेणारी एक सेवा आहे, वर्षातून एकदासुद्धा मी ती उघडत नाही, उघडायची वेळच येऊ नये म्हणून तर पैसे देतो. पासवर्ड सांभाळणारं ॲप, व्हायरसवालं, सगळं तसंच. उद्या कंपनीने 'तुम्ही लॉगिन केलं नाही म्हणून बंद केलं' म्हणून बॅकअप थांबवलं आणि फोन पाण्यात पडला, मग?

कोडवाला

बॅकअपचा मुद्दा बरोबर आहे, याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. पण बॅकअप मागे काम करत असतं, नवे फोटो चढत असतात, म्हणजे वापर चालूच आहे, लॉगिन नसलं तरी. ज्या ॲपमध्ये सहा महिने काहीच हललं नाही, वर ते फोनवरून काढलेलं पण आहे, तिथे निदान विचारायला काय हरकत आहे. एक मेल, दोन बटणं. तांत्रिकदृष्ट्या दुपारभराचं काम आहे, मी स्वतः करून दिलंय. चालू केलं नाही कोणी ती गोष्ट वेगळी.

काळजीवाहू

इथे सगळे तरुण आणि फोनमध्ये मुरलेले लोक बोलताय म्हणून सांगते. माझ्या सासऱ्यांच्या कार्डावरून बरेच महिने एक रक्कम जात होती. स्टेटमेंटवर जे नाव होतं त्या नावाचं ॲप फोनवर नव्हतंच. पैसे ज्याच्यामार्फत जातात त्या कंपनीचं नाव तिथे येतं, ॲपचं नाव वेगळंच. ते कोडं सोडवायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि सापडलं ते काय, तर कुठलं तरी राशीभविष्य. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी फक्त फुल्ली दाबत होतो गं, ती जाहिरात जात नव्हती." आता त्यांना सांगू का, बाबा तुम्ही करार केलात म्हणून?

निशाचर, तुमची युक्ती छान आहे, पण ज्याला ट्रायल घेतलीय हेच माहीत नाही तो एका मिनिटात रद्द काय करणार.

रोखठोक

ताई, ती सरळ फसवणूक झाली, ती कोणीच बरोबर म्हणणार नाही. मी नीट सांगून दिलेल्या ट्रायलबद्दल बोलतोय.

वाचनवेडी

अडचण अशी की दोन्हीकडे मागचं यंत्र एकच आहे, 'नाही' म्हटलं नाही तर कापा. आणि नीट सांगणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर ॲमेझॉनचं प्रकरण बघा. २०२३ च्या जूनमध्ये एफटीसीने त्यांच्यावर दावा लावला की प्राइममध्ये लोकांना नीट न विचारता ओढलं जातं आणि बाहेर पडायची वाट मुद्दाम लांब केलीय. ४ पानं, ६ क्लिक, १५ पर्याय, असं त्या दाव्यात मोजून दिलं होतं. आणि रद्द करायच्या या रस्त्याला कंपनीत आतलं नाव काय होतं म्हणे, तर 'इलियड'! होमरचं ते लांबलचक युद्धकाव्य. म्हणजे ठेवणाऱ्याला पण कल्पना होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरला तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे.

जर्मनीत तर १ जुलै २०२२ पासून नियमच आहे की वेबसाइटवर करार करता येत असेल तर तो रद्द करायचं बटणसुद्धा तिथेच, सहज सापडेल असं पाहिजे. कंपन्या बुडाल्या का तिथल्या?

रोखठोक

सगळं सांगा ना मग. त्याच एफटीसीने 'एका क्लिकवर रद्द' असा सरसकट नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये आणला, आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो लागू व्हायच्या तोंडावर उडवला.

वाचनवेडी

उडवला, पण कशावरून ते पण सांगा. एवढा मोठा आर्थिक परिणाम होणार असेल तर आधी खर्च-फायद्याचं प्राथमिक विश्लेषण मांडावं लागतं, ती पायरी त्यांनी गाळली होती म्हणून. रद्द करणं सोपं असू नये असं काही कोर्टाने म्हटलेलं नाही.

बँकवाला

भारतातल्या कार्डांचं थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. पहिल्या वेळी ओटीपीसारखी जास्तीची खात्री, आणि नंतर दर वेळी पैसे कापायच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं. लागू झाला तेव्हा कितीतरी परदेशी सेवांची पेमेंटं एका फटक्यात अडकली होती आणि लोकांनी आम्हालाच शिव्या घातल्या, सोय बंद केली म्हणून. तेव्हा रोखठोक म्हणतात तसा ग्राहक पण असतो, तो काल्पनिक नाही.

शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'वर, म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणाऱ्या फसव्या मांडणीवर, मार्गदर्शक सूचना काढल्या, १३ प्रकार आहेत, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' हा एक. आणि त्यात चक्क लिहिलंय की फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटची माहिती किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं हाही त्यातलाच प्रकार. कोडवाला, तुमच्या कार्ड मागण्याचं इथे काय होतं बघा.

अजून एक. कार्ड ब्लॉक करून नवं घेतलं की सुटलो असं पुष्कळ जणांना वाटतं. काही देशांत कार्ड नेटवर्क, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डसारखे, नवा नंबर आपणहून दुकानदाराला पोचवतात, जुनी सबस्क्रिप्शन अडू नयेत म्हणून. आणि पैसे अडले तरी करार संपतोच असं नाही. रद्द जिथे चालू केलं तिथेच करायचं.

कोडवाला

ते कलम माहीत आहे. 'भाग पाडणं' या शब्दावर वकील लोक पोट भरतील एवढं मात्र नक्की.

रोखठोक

२४ तास आधी कळवणं मला मान्य आहे. खरं तर तेवढंच पुरे. कळवलं, तुम्ही बघितलं नाहीत, पुढे कंपनी जबाबदार नाही. ट्रायल संपली की आपोआप बंद, हे मात्र मी कधीच मान्य करणार नाही, त्यात माझ्यासारख्याचं नुकसान आहे.

विसरभोळा

मी थोडा मागे येतो. रोजच्या वापरातलं, बॅकअप वगैरे, चालू राहू दे कळवून. पण ट्रायल संपतानाचा पहिला पैसा, निदान तो एक, मला विचारून घ्या. त्यानंतर मी विसरलो तर माझं नशीब. आणि सात दिवसांच्या ट्रायलवरून थेट वर्षाच्या प्लॅनवर उडी, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

रोखठोक

वर्षाची उडी नको, यावर सही करतो. पहिल्या पैशाचं बघू.

शंकासुर

सगळं वाचलं नाही, धागा फार लांब झालाय. मी पण परवा एक व्यायामाचं ॲप ट्रायलवर घेतलं होतं, नाही आवडलं म्हणून लगेच डिलीट केलं. म्हणजे बंद झालं ना?

रोखठोक

नाही हो. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन जात नाही. अँड्रॉइड असेल तर प्ले स्टोअर उघडा, वर तुमचा गोल फोटो, त्यात पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तुमचं नाव, त्यात सबस्क्रिप्शन्स. दोन्हीकडे नसेल तर त्यांच्या वेबसाइटवरून घेतलं असणार, मेलमध्ये पावती शोधा. किती दिवसांची ट्रायल होती?

शंकासुर

तीन.

रोखठोक

आत्ता करा. नंतर वाचा.