सहनशक्तीचा मुद्दा

"आजच्या पोरांना सहनशक्तीच नाही, आम्हीही बारावी दिलीच की" असं परीक्षेच्या ताणावरच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. अहो, आपण ती एकदाच दिली! माझा भाचा लातूरला नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होता. दर रविवारी टेस्ट, आणि रात्री 720 पैकी किती पडले ते थेट ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याचा फोन आला की ताईचा पहिला प्रश्न, "या वेळी कमी का?" जेवलास का, ते नंतर. पुढेपुढे तो रविवारी फोनच उचलेना. आम्हाला वाटलं, अभ्यासात असेल. मेसवाल्या काकूंनी कळवलं, दोन दिवस डबा तसाच परत येतोय.

आकडेही बघा ना. 2024 साली नीटला 23 लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा देशभरात लाखाच्या थोड्या वर. कितीही घासली तरी बहुतेकांना जागा मिळणारच नाही, यात सहनशक्तीचा काय संबंध? राजस्थानातल्या कोटा या कोचिंगच्या शहरात 2023 मध्ये मुलांच्या आत्महत्या रोखायला प्रशासनाने होस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग बसवायला लावल्या. क्लासेसच्या टेस्ट दोन महिने थांबवल्या, तेवढं मात्र बरं केलं.

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आम्हाला तो फार उशिरा कळला.

भाचा आता बीएस्सी करतोय, जेवतोही व्यवस्थित. ताई मात्र अजून नातेवाइकांना "ड्रॉप घेतलाय", म्हणजे वर्षभर थांबून परत नीट देणार, असंच सांगते.