परदेशी पैसा कोरियाला पचला, श्रीलंकेला का नाही?

अर्धवट_अर्थतज्ज्ञ:
डोक्यात एक किडा वळवळतोय. गरीब देशाला बंदर, रेल्वे, वीज सगळंच उभं करायचं असतं आणि तिजोरीत खडखडाट, मग एकतर वर्ल्ड बँक, नाहीतर कुठलीतरी एक्झिम बँक (आपल्या देशाच्या निर्यातीसाठी परदेशाला कर्ज देणारी सरकारी बँक), नाहीतर डॉलरचे बाँड (बाजारात विकलेले कर्जरोखे), नाहीतर पीपीपी म्हणजे सरकार-खासगी भागीदारी करून कंपनीला पुढे करायचं. दक्षिण कोरियाने पण बाहेरचाच पैसा घेतला ना? तो देश कुठल्या कुठे पुढे गेला आणि श्रीलंकेने २०२२ मध्ये कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. फरक नक्की कशात? 'भ्रष्टाचार' एवढंच उत्तर नको प्लीज, तो कोरियातही भरपूर होता.

चष्मिष:
माझ्या मते आधी हे बघायचं की परतफेड कुठल्या चलनात आहे आणि ते चलन येणार कुठून. कोरियाच्या पोस्को या स्टील कंपनीचंच घ्या. स्टील प्लांटसाठी पाश्चात्य कंपन्यांचं कन्सॉर्शियम जमवलं होतं, वर्ल्ड बँकेने हे परवडणारं नाही म्हटल्यावर ते बारगळलं. मग जपानने कोरियावर राज्य केलं त्याचा हिशोब मिटवणाऱ्या १९६५ च्या कराराने जपानकडून जे ३० कोटी डॉलर अनुदान आणि २० कोटी स्वस्त कर्ज मिळणार होतं त्यातला घसघशीत वाटा तिकडे वळवला आणि १९७३ ला भट्टी पेटली. तंत्रज्ञान जपानी कंपन्यांचं, पण कोरियन इंजिनियर जपानला जाऊन शिकून आले, नुसता तयार प्लांट विकत घेतला नाही. आणि एकूणच सरकार कंपन्यांना स्वस्त कर्ज द्यायचं ते एक्स्पोर्टचे आकडे बघून, त्यामुळे डॉलर यायची सोय होत होती.

याउलट श्रीलंकेच्या हंबनटोटा बंदराला पहिल्या टप्प्यासाठी चायना एक्झिमचं ३० कोटी डॉलरच्या वर कर्ज, व्याज ६.३ टक्के, आणि कोलंबोसारखं चालतं बंदर असताना इकडे जहाजं वळवणार कोण? २०१७ मध्ये ते ९९ वर्षांच्या लीजवर चिनी कंपनीला ११२ कोटी डॉलरला दिलं तेव्हा सगळ्यांनी ओरड केली की कर्जाच्या बदल्यात बंदर गेलं. तसं नाहीये ते, पैसे परकीय चलनाच्या गंगाजळीत गेले आणि बंदराचं कर्ज सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं. खरा फास डॉलर बाँडचा, त्यात मुद्दल एकरकमी द्यावं लागतं, पर्यटन बसलं की ते आणणार कुठून.

ओव्हरटाइम:
कोरियाची परीकथा करू नका राव. जपानने जबरदस्तीने खाणीत कारखान्यात राबवलेल्या लोकांचा हिशोब त्याच १९६५ च्या करारात मिटवून टाकला, आणि त्यांच्या हातात त्यातलं फारच थोडं पडलं. २०१८ मध्येसुद्धा तिथलं सुप्रीम कोर्ट जपानच्या निप्पॉन स्टीलला भरपाई द्या म्हणून सांगत होतं. वर लष्करी राजवट, कामगार संघटनांची मुस्कटदाबी, अमेरिकेची मदत आणि बाजारपेठ, हे सगळं कोण देणार आजच्या देशांना? आणि १९९७ ला शॉर्ट टर्म डॉलर कर्जापायी तेही आयएमएफच्या (संकटातल्या देशांना कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) दारात उभे होतेच की.

अर्धवट_अर्थतज्ज्ञ:
पॉइंट आहे. मग पीपीपी बरं ना, रिस्क कंपनीची?

ओव्हरटाइम:
कागदावर. करारात 'टेक ऑर पे' शोधा, म्हणजे वीज घ्या किंवा घेऊ नका, पैसे द्यायचेच. पाकिस्तानात खासगी वीज कंपन्यांचं तेच झालं, कपॅसिटी पेमेंट (वीज घेतली नाही तरी प्लांट तयार ठेवल्याचे पैसे) ठरलेलं आणि परतावा डॉलरला बांधलेला, रुपया घसरला की बिल फुगतं. केनियात तर सरकारी कर्जाच्या रेल्वेलाही हेच कलम, मोम्बासा बंदराने ठराविक माल द्यायची हमी दिली, आणि मग कंटेनर ट्रकऐवजी रेल्वेनेच न्या अशी सक्ती केली होती.

चष्मिष:
हे मान्य. पण करार म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. मलेशियाने चिनी कंपनीला दिलेलं ईस्ट कोस्ट रेल्वेचं काम मधेच थांबवलं, परत चीनसोबत टेबलावर बसले आणि २०१९ मध्ये ६५.५ अब्ज रिंगिटचा खर्च ४४ अब्जावर आणला. अर्थात त्यांच्याकडे पाम तेल, गॅस, इलेक्ट्रॉनिक्सचे डॉलर येत होते, म्हणून 'नको जा' म्हणायची ऐपत होती. गंगाजळी आटल्यावर कोण ऐकतंय.