मदत हवी आहे : अभिलेखपाल व्हायचंय, आधी काय शिकू?

नमस्कार मंडळी,

इतिहासात पदवी झाली आहे आणि पुढे अभिलेखागारातच, म्हणजे जुनी कागदपत्रं जपून ठेवणाऱ्या संस्थेत, काम करायचं, हे मनाशी पक्कं आहे. ग्रंथालयाचं काम वेगळं आणि हे वेगळं, एवढं वाचून कळलंय. पुस्तकं विषयवार लावता येतात; दप्तरातला कागद मात्र बहुधा एकुलता एक असतो आणि तो ज्या कचेरीत, ज्या क्रमाने साठत गेला तो क्रम मोडला की अर्थच हरवतो. तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली हे नियमबद्ध करून ठेवलं. ते वाचल्यापासून दुसरं काही करावंसं वाटत नाही.

अडलंय ते इथे. पदव्युत्तर शिक्षण थेट अभिलेखशास्त्रात घ्यावं, की ग्रंथालयशास्त्र करून मग इकडे वळावं? नोकरी देणारे कशाला जास्त मानतात?

दुसरं म्हणजे जतन. लोहयुक्त शाई कागद खाते, जुन्या अ‍ॅसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. हे समजायला रसायनशास्त्र किती लागतं? की ते संवर्धकाचंच, म्हणजे कागद-फिल्मची डागडुजी करणाऱ्याचंच काम? आणि आता ईमेल, डेटाबेसही अभिलेखच, म्हणजे मेटाडेटा (नोंदीविषयीची माहिती : कुणाची, कधीची, कशाची) आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकायलाच हवं ना?

शिकाऊ म्हणून कुठे घेतलं, तर वर्णनसूची, म्हणजे कोणत्या कागदात काय आहे याची यादी, करायचं काम मागावं असं वाटतं. स्कॅनिंगपेक्षा त्यातच खरी पारख घडत असावी. या क्षेत्रातल्या कुणी अनुभवाने सांगितलं तर फार आधार होईल.