मदत हवी आहे : 'नत्र' आणि 'सारजनक' या शब्दांची फोड

नमस्कार मंडळी,

आमची शेती निपाणी भागात आहे. उसाच्या रानातील माती परीक्षणाचा अहवाल नुकताच हाती आला आणि तो सगळा कन्नडमध्ये असल्यामुळे चुलत्यांना मराठीत समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. अहवालात 'सारजनक, रंजक, पोटॅश' असे तीन शब्द एकाखाली एक छापलेले आहेत, तर चुलत्यांच्या तोंडी आयुष्यभर 'नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश)' बसलेले. पोटॅशची अडचण नव्हती, रंजक म्हणजे स्फुरद हेही त्यांनी मान्य केले, पण "नत्राला सारजनक कशापायी म्हणायचं?" या प्रश्नापाशी मी अडलो.

मला ठाऊक आहे ते असे. शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९० मध्ये 'नित्रोजेन' हे नाव सुचवले. त्यातील पहिला भाग ग्रीक 'नित्रोन'वरून आलेला असून त्याचा रोख सोऱ्याकडे, म्हणजे नायट्रोजन असलेल्या एका क्षाराकडे आहे, आणि 'जेन' म्हणजे उत्पन्न करणारा. त्यापूर्वी लाव्हाझिए हा दुसरा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ याच वायूला 'अझोत', म्हणजे निर्जीव, म्हणत असे. युरियाच्या पोत्यात ४६ टक्के भरलेल्या आणि पिकाला हिरवेगार करणाऱ्या मूलद्रव्याला हे नाव मिळावे, याची गंमत वाटते.

कन्नडने 'जेन'चे 'जनक' असे नेमके भाषांतर केलेले दिसते, कारण ऑक्सिजनला आम्लजनक आणि हायड्रोजनला जलजनक म्हणतात. त्या न्यायाने इथे सोऱ्याचा उल्लेख यायला हवा होता. मग हा 'सार' म्हणजे आपल्या 'सोरा' शब्दाचेच बदललेले रूप, की जमिनीचा कस या अर्थाचा संस्कृत 'सार'? चुलत्यांनी स्वतःपुरता कसाच्या बाजूने निकाल देऊन टाकला आहे. मला मात्र तो घाईचा वाटतो, कारण अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळतेच असे नाही.

दुसरी शंका आपल्याच शब्दाची. 'पालाश'मध्ये पळस आणि 'स्फुरद'मध्ये 'स्फुर्' धातू उघड दिसतो, पण 'नत्र'ला असा संस्कृत धातू मला सापडत नाही. तो 'नित्रोन'चाच मराठी अवतार मानावा का? तसे असेल, तर सोडियमचे लॅटिन नाव 'नॅट्रियम' आणि आपले 'नत्र' एकाच मुळाचे ठरतील, आणि शाळेत या दोहोंत गोंधळणाऱ्या मुलांना निदान सबब तरी मिळेल.

रसायनशास्त्राच्या जुन्या मराठी किंवा कन्नड पाठ्यपुस्तकात या दोन शब्दांची फोड कोणी पाहिली असल्यास कृपया त्या पानाचे छायाचित्र येथे द्यावे. कन्नड मजकूर असला तरी चालेल, मी वाचू शकतो.