शब्दचर्चा : ‘टोबी जग’ला मराठीत काय म्हणावं?

खापरखुणा : मंडळी, एका आप्तांच्या संग्रहाची मराठीत यादी करतेय. त्यात चिनीमातीची जुनी इंग्लिश मद्यपात्रं आहेत. तिकोनी टोपीतला ढेरपोट्या म्हातारा बीअरचा मग घेऊन बसलाय, आणि ओतायचं ते टोपीच्या कोपऱ्यातून. ‘टोबी जग’ लिहिलं तर वाचणाऱ्याला टोबीचं विश्व वाटेल. ‘मुखचषक’ चालेल का?

सुरई : मुखचषक नको. चषक ओठाला लावायचा, हे ओतायचं भांडं. शिवाय टोबी म्हणजे नुसतं मुख नव्हे, बुटांपर्यंत अख्खा माणूस. फक्त डोकं आणि खांदे असतील तर तो ‘कॅरॅक्टर जग’. यादीत हा फरक पुसलात तर किंमतही चुकेल. टोबी मूळचा इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरचा, १७६० च्या दशकातला. तिथल्याच बर्स्लेमच्या राल्फ वुड या कुंभाराचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. कॅरॅक्टर जग त्यामानाने कालचं पोर : रॉयल डौल्टन या इंग्लिश चिनीमातीच्या कारखान्यात चार्ल्स नोक यांनी १९३४ साली ‘जॉन बार्लीकॉर्न’ काढला, तिथून ती रांग सुरू झाली. टोबी हे नाव १७६१ च्या एका मद्यपानाच्या गाण्यातल्या टोबी फिलपॉट नावाच्या पियक्कडावरून आलं असावं, असं बरेच जण मानतात. विशेषनामाचं कसलं भाषांतर करता? नुसतं ‘टोबी’ लिहा, पहिल्या नोंदीत एका ओळीत वर्णन द्या.

बूडबघ्या : सुरईशी सहमत. नाव इंग्रजी राहू द्या, नगाची अवस्था सांगायला मात्र मराठीत नेमके शब्द आहेत. काठाचा कपचा उडाला की ‘टवका’. आरपार फुटलं की ‘तडा’. केसाएवढी रेघ म्हणजे ‘चीर’. झिलईवर पसरलेल्या बारीक रेषांना ‘जाळी’ म्हणा. जुन्या नगाला जाळी चालते, तडा भाव पाडतो. आणि ‘हँडल’ कशाला, कपाला असतो तसा ‘कान’ आहेच की! रॉयल डौल्टनचा १९४० चा पांढरा चर्चिल, म्हणजे चर्चिलच्या चेहऱ्याचा कॅरॅक्टर जग, दोन कानांचा आहे. फार थोडा काळ निघाला, त्यामुळे संग्राहक त्याच्या मागे असतात. आता चर्चिलला दोन कान असणारच, तेव्हा ‘धरायचे दोन कान’ असं स्पष्ट लिहा. ‘दुकानी चर्चिल’ मात्र नको, दुकानात विकत मिळणारा वाटेल.

तडा डोळ्यांना दिसला नाही तर माठ घेताना मारतो तशी टिचकी मारून बघा. धड नग खणखणीत वाजतो, तडकलेला बद्द. वरून रंग देऊन लपवलेली डागडुजी अतिनील दिव्याखाली बहुधा वेगळी चमकते.

खापरखुणा : कान, टवका, बद्द, सगळं उचललं. पण एका टोबीच्या बुडाला ‘मेड इन इंग्लंड’ आहे, आणि आप्त म्हणतात १७७० चा.

बूडबघ्या : आप्तांना दुखवू नका, पण तसं लिहूही नका. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर ‘इंग्लंड’ हा शब्द बुडावर सर्रास दिसू लागला. ‘मेड इन’ जोडलेलं असेल तर सहसा विसावं शतक. अठराव्या शतकातल्या बहुतेक टोबींचं बूड कोरं असतं. त्यांच्या झिलईचे रंग एकमेकांत ओघळलेले दिसतात, कोटाच्या घड्यांत साचलेले. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ (दोस्तांच्या ताब्यातला जपान) असेल तर महायुद्ध संपल्यापासून १९५२ पर्यंतचा काळ; तसले चिमुकले टोबी ढिगाने आले, भाव बेताचाच. डौल्टनच्या छापावर आडवा ओरखडा असेल तर तो कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. ओरखडा वापरून पडला असेल अशी समजूत करून घेऊ नका.

सुरई : ‘छाप’ आणि ‘ठसा’ही वेगळे ठेवा. रंगाने उमटवलेली ती छाप, ओल्या मातीत दाबलेला तो ठसा. आणि १९५० च्या नगाला ‘पुराणवस्तू’ म्हणू नका. आपल्याकडच्या १९७२ च्या कायद्यात पुराणवस्तूला साधारणपणे किमान १०० वर्षांची अट आहे. ‘जुना’ हा शब्द काय वाईट आहे?

अवांतर : त्यातून कुणाला बीअर पाजू नका. जुन्या झिलईत शिसं असतं.

खापरखुणा : मग पहिली नोंद अशी : ‘टोबी, बसलेला. बुडाला “मेड इन इंग्लंड” छाप, विसावं शतक. कानाच्या मुळाशी चीर, टोपीच्या तोटीला टवका. टिचकीला बद्द.’

सुरई : तोटी नळीसारखी असते, झारीला असते ती. इथे ‘चोच’ लिहा. बाकी नोंद झकास.